अकरा मिलिमीटर

हात डोक्यावर नेला की काखेखालचा पट्टा अकरा मिलिमीटर वर सरकत होता. पट्ट्याच्या कडेशी मी पेनाने अंगावर बारीक खूण केली, हात वर नेला, दुसरी खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर कागदी टेपने मोजलं. अकरा. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा बारा. पाचपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत चालवून घेतात, सातच्या वर गेलं की नमुना परत कापायला जातो. ट्रायल रूमचं दार खालून वीतभर उघडं होतं आणि त्या फटीतून बाहेर ताटकळणाऱ्या कोणाचे तरी पांढरे बूट दिसत होते. मी जागच्या जागी दहा उड्या मारल्या. चौथ्या उडीला छाती वरून निसटून पुढे आली, सातव्या उडीला उजव्या बाजूला ती ओळखीची कळ उठली, कोणीतरी आतून दोरा ओढावा तशी. बूट जरा हलले. "आत सगळं ठीक आहे ना?" एका तरुण बाईचा आवाज आला. "ठीक आहे," मी म्हटलं, आणि कपाळावरचा घाम टिपला.

पहिला विचार आला तो असा, की माझं वजन वाढलं असणार. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण बारा वर्षं मी हेच काम करते. स्पोर्ट्स ब्रा बायकांच्या अंगावर कशी बसते, पळताना छाती किती वर जाते, किती बाजूला जाते, पट्टा किती सरकतो, खांद्याची पट्टी किती रुतते, हे मोजणं हा माझा व्यवसाय आहे. आणि तरीही कपडा बसला नाही तेव्हा मी आधी माझ्याच अंगाकडे संशयाने पाहिलं. टेप छातीखाली गुंडाळली: शहात्तर सेंटिमीटर. छातीवरून: एकशे एक. गेल्या वर्षी होतं तेवढंच, दशांशाचाही फरक नाही. बारीक पाठ, भरलेली छाती. चोवीस बायकांच्या आमच्या तक्त्यात सतराव्या ओळीत हे दोन आकडे आहेत. सतरावी बाई मीच होते.

मग मी ती ब्रा, आमच्याच कंपनीची, काढून उलटी केली आणि दिव्याखाली धरली. या मापाच्या कपाला तीन तुकडे हवेत आणि आत, काखेच्या बाजूने, छातीला कवेत घेणारी एक आडवी पट्टी. हे ठरलेलं होतं. हातातल्या कपाला दोनच तुकडे होते आणि आतली पट्टी नव्हती. म्हणजे मधल्या मापाचा नमुना घेऊन तो नुसता सगळीकडून वाढवला होता. आमच्या धंद्यात याला ग्रेडिंग म्हणतात: एका मधल्या बाईच्या अंगावर कपडा बसवायचा, मग कागदावर इथे अर्धा सेंटिमीटर, तिथे एक सेंटिमीटर असं वाढवत आणि कमी करत बाकीच्या सगळ्या बायका तयार करायच्या. कागदावरच्या बायका तक्रार करत नाहीत. खऱ्या बायकांची पाठ मात्र छातीच्या हिशेबाने रुंद होत नाही, म्हणून तर आम्ही चोवीस जणींना ट्रेडमिलवर पळवलं होतं. दोऱ्याला लटकलेल्या लेबलवर पाच बायकांची रेखाचित्रं होती, एक बारीक, एक रुंद खांद्यांची, एक स्थूल, एक पोट सुटलेली, एक उंच. खाली छापलं होतं: प्रत्येक देहयष्टीसाठी. प्रत्यक्ष मोजमापांवर आधारित. त्या मोजमापांच्या अहवालावर सही माझी होती.

पांढऱ्या बुटांची मुलगी मी बाहेर आल्यावर हसली. तिच्या हातात तोच रंग, तीच ब्रा. "कशी आहे हो ही?" तिने विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे सवयीने मोजलं: रुंद बरगड्या, छाती लहान, तिला बसेल. "तुम्हाला बसेल," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. माझी ब्रा विकत घेऊन रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं की अंगावरच्या पेनाच्या खुणा पुसायच्या राहिल्या आहेत. बस यायला वेळ होता. ब्लाउजच्या आत त्या दोन ठिपक्यांची जागा मला नेमकी जाणवत होती, एक खाली, एक वर, जणू कोणीतरी दोन बोटं टेकवून ठेवली आहेत.

मास्तरिणीने पहिल्यांदा माझं माप घेतलं ते असंच, दोन बोटं टेकवून. तिला कंपनीत सगळेच मास्तरीण म्हणतात, कारण बाकीचे कापणारे पुरुष मास्तर आणि ती त्या सगळ्यांवरची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, उंच, हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, कारण नखाने कापडाचा धागा निघतो. मी कंपनीत आले तेव्हा पस्तिशीची होते, खांदे पुढे झुकलेले, दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल चर. पंधरा दिवस तिने नुसतं पाहिलं आणि मग जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "तू अशी का चालतेस गं? कोणी मागून मारणार असल्यासारखी?" मला कापायच्या खोलीत नेऊन तिने दार लावलं. "श्वास सोड. अजून सोड. पोट आत घेऊ नकोस, इथे काय फोटो काढायचाय?" छातीखाली टेप ओढून तिने टेपच्या आत दोन बोटं घातली, तिची बोटं गार होती, आणि म्हणाली, "आजपर्यंत तू दोन मापं मोठा पट्टा आणि तीन मापं लहान कप घालत आलीस. अंगाने काय पाप केलंय तुझ्या?" चार दिवसांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने स्वतः शिवलेली एक ब्रा मला दिली. एक तुकडा निळा, एक राखाडी, पट्टा काळा. ती घालून मी कापायच्या खोलीपासून गोदामापर्यंतच्या लांब बोळात पळाले. एकवीस वर्षांनी पळाले. मास्तरीण दाराला टेकून हसत होती, "अगं हळू, गोदामवाला घाबरेल!" तो नमुना तिने तपकिरी कागदावर कापून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, त्यावर नाव नाही, नंबर नाही. "तुझा कागद" म्हणायची ती त्याला. दर दोन-तीन वर्षांनी त्या कागदावरून माझ्यासाठी नवी शिवायची. तीन तुकड्यांचा कप आणि आतली आडवी पट्टी हे आम्हाला त्या कागदाने शिकवलं होतं.

एकवीस वर्षं हा आकडाही मी मोजूनच लिहिला आहे. चौदाव्या वर्षापर्यंत मी शाळेत चारशे मीटर पळायचे आणि दुसऱ्या येणाऱ्या मुलीत आणि माझ्यात नेहमी सात-आठ पावलांचं अंतर असायचं. मग एका उन्हाळ्यात अंग भरलं. आईने एकावर एक दोन बनियन घालायला लावले, वरून तिच्या जुन्या साडीची पट्टी गच्च बांधली आणि कडेला सेफ्टीपिन लावली. पिन पळताना उघडायची. एके दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहून मुलगे काहीतरी मोजू लागले, एक-दोन, एक-दोन, माझ्या पावलांबरोबर, आणि मला वाटलं ते माझ्या बाजूने ओरडताहेत. आई कुंपणापाशी उभी होती. तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन क्रीडाशिक्षकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "हिच्या छातीत धडधडतं हो. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद." असला कोणी डॉक्टर नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच का गं?" भिंतीवर शिट्ट्या टांगलेल्या होत्या, मी त्या मोजल्या, पाच होत्या, आणि मी मान हलवली. हो. घरी येताना रस्ता ओलांडायच्या वेळी आईने माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा. तिच्यावर रागवावं असं मला वाटे, पण दर वेळी मध्ये ती माझी हललेली मान येई.

सोमवारी मी प्रयोगशाळेच्या कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली. मूळ कागदांवर माझ्याच हातच्या तीन पेन्सिलीच्या रेघा होत्या, नववी, सतरावी आणि एकविसावी ओळ. पेन्सिलीची रेघ म्हणजे शंका, पुन्हा मोजा. शाईची रेघ म्हणजे रद्द. हा आमच्या विभागाचा रिवाज, आणि तो मला मास्तरिणीनेच पहिल्या महिन्यात शिकवला होता, माझ्या हातातलं पेन काढून घेऊन पेन्सिल देत: "शाईने मारलंस तर बाई मेली. पेन्सिलीने मारलंस तर ती फक्त दाराबाहेर बसलीय." त्या तिघींचे आकडे बाकीच्या एकवीस जणींच्या रेषेपासून लांब पडत होते. एकविसावीला, म्हणजे कंपनीचे जिने झाडणाऱ्या बाईला, घाम इतका येत होता की कॅमेऱ्याने हालचाल टिपण्यासाठी अंगावर चिकटवलेले ठिपके गळून पडत. माझे आकडे मीच मोजलेले, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. आणि नववी म्हणजे पॅकिंगच्या काकू, ज्यांची डावी छाती दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये काढली होती. तिघींना पुन्हा मोजायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात ट्रेडमिलचा पट्टा तुटला. "तू सही करून ठेव," मास्तरीण म्हणाली, "पट्टा आला की मी घेते करून. तुझी रजा आहे ना?" मी सही केली. रजेवरून आल्यावर विचारलं, "त्या तिघी झाल्या का गं?" ती कागद कापत होती, तिने वर पाहिलं नाही. "झालं गं सगळं. तू निवांत रहा." फाइल पूर्वीइतकीच पातळ होती. हे मला तेव्हाही दिसलं होतं. फाइल किती जाड असायला हवी हे माझ्याइतकं कोणाला कळतं? मी ती कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

मोजमापांचे ते दिवस आठवतात तेव्हा खोलीभर हसणं ऐकू येतं. शिवणकामाच्या, पॅकिंगच्या, हिशेबाच्या, अशा सगळीकडच्या बायका पाळीपाळीने यायच्या, पडद्याआड कपडे काढताना आधी लाजायच्या आणि पाच मिनिटांत निर्लज्ज व्हायच्या. "बाई, हे मशीन एक दिवस आमच्या घरी पाठवा, आमचे हे सोफ्यावरून उठत नाहीत." "अगं, तुझं काय मोजायचं, तुला पट्टी पुरे, टेप कशाला!" काकू ट्रेडमिलवर चढल्या तेव्हा मात्र सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले. डाव्या बाजूला काखेपर्यंत गेलेला व्रण, गुलाबी, चकचकीत. ठिपका कुठे चिकटवायचा मला कळेना. काकूच म्हणाल्या, "एक गेली, एक राहिली. राहिलेली तरी नीट राहू दे, बाई. लावा ठिपका." मग सगळ्या हसल्या, मीही हसले. ज्या बाजूला छाती नाही त्या बाजूला पट्टा व्रणावर घासतो, म्हणून तिथे कड मऊ हवी, शिवण बाहेर हवी आणि आत पॅड घालायला खिसा हवा. मी ते सगळं लिहून घेतलं होतं. निघताना त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या मापाचीपण निघणार?" मी म्हटलं, "निघणार तर! तुम्ही नववी ओळ आहात." त्यांनी ते घरी जाऊन सांगितलं असणार. पुढे कितीतरी दिवस बोळात दिसल्या की त्या बोटांनी नऊ दाखवून हसायच्या.

बुधवारी मी कापायच्या खोलीत गेले. खिळ्यावर माझा कागद होता, तसाच, कडा जरा वळलेल्या. तो नसता तर बरं झालं असतं. हरवला, विसरला, नवीन मुलीने फेकला, असं काहीतरी मला म्हणता आलं असतं. मास्तरीण टेबलावर वाकून कापडाचे थर लावत होती. मी तिच्यासमोर ती ब्रा ठेवली, आतली बाजू वर करून. तिने हात पुसले, कप अंगठ्याने ताणून पाहिला. काय ते तिला विचारावं लागलं नाही.

"मापाची घेतलीस?" ती म्हणाली.

"सतराव्या ओळीची."

"मला सांगायचंस. तुझी मी शिवून देते की नेहमीसारखी."

"त्या तिघींना मोजलंच नाहीस तू."

"नाही मोजलं." तिने कात्री जरा बाजूला सरकवली. "तुझा तो कप शिवायला नगामागे नऊ मिनिटं जास्त लागतात. काकूंसारखीला तर शिलाईची वेगळीच ओळ लावावी लागेल. वरून निरोप आला, ज्यांच्यात बसत नाहीत त्या ओळी काढा. मी किती भांडायचं? एकवीस जणींना तर नीट बसते ना? आणि काढल्या कोणी? रेघ तूच मारलीस."

"पेन्सिलीची."

"फोटोकॉपीत सगळ्या रेघा काळ्याच येतात गं," ती म्हणाली, शांतपणे, समजूत काढावी तशी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिची बोटं अजूनही गार असतात. "तू फार मनाला लावून घेतेस. चहा मागवू?"

आणि मी मान हलवली. हो म्हटलं. आम्ही चहा प्यायलो. ती तिच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी तिच्या मागची भिंत पाहत होते. त्या तीन रेघा पेन्सिलीच्या होत्या हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं समोरासमोर बसून चहा पीत होती. बारा वर्षं माझ्या अंगाची एकेक वळणं तिला पाठ आहेत. माझ्या उजव्या बाजूला कळ येते हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, तिला आहे. म्हणजे सतरावी ओळ काढताना तिच्या डोळ्यांसमोर आकडे नव्हते, मी होते. तिने मला काढलं आणि मग माझ्यासाठी खाजगीत एक शिवून द्यायचं ठरवलं, आणि यात तिला काहीच विसंगत वाटलं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, आणि त्याखाली, तळाशी, आणखी एक गोष्ट होती: तिने शिवून दिली असती तर मी घेतली असती. गुरुवारी दिवसभर मी एकच विचार करत होते की काकूंना विकत घ्यायची बुद्धी होऊ नये. तेवढं झालं तर बाकीचं मी पोटात घालेन असं मी ठरवूनही टाकलं होतं.

शुक्रवारी जेवणानंतर काकू आल्या. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या, इथे कोणी काढत नाही, आणि पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. "बाई, वेळ आहे का? एक विचारायचं होतं. हसू नका."

"बसा, काकू."

"बसत नाही. मी पळते हल्ली, तुम्हाला सांगितलं नव्हतं. खरंच पळते. डॉक्टर म्हणाले होते हात सुटा व्हायला जरा झपझप चाला, मग चालता चालता एक दिवस पळालेच. मैदानाला तीन फेऱ्या. बावन्नाव्या वर्षी! सून म्हणते, सासूबाई, पोलीस मागे लागलेत का?" त्या हसल्या, मग थांबल्या. "तर आपली ही घेतली मी. नवी. माझी नववी ओळ म्हणून. पण माझ्याकडून नीट घातली जात नाही वाटतं. आठ दिवसांत इथं सोलवटून निघालं." त्यांनी पदराआडून काखेखालचा भाग दाखवला. व्रणाच्या कडेने चामडी लाल झाली होती आणि एका जागी ओलसर. मी नजरेनेच लांबी मोजली, चार सेंटिमीटर, आणि मोजल्याची मला लाज वाटली. "आता बंद केलंय पळणं. म्हटलं, बाईंना विचारावं घालायची कशी. कपड्याचं काही नसणार, माझंच अंग वेडंवाकडं आहे आता."

त्याच वेळी मास्तरीण आत आली. हातात पुढच्या खेपेचा अहवाल, वर माझ्या सहीसाठी लावलेला पिवळा कागद. तिने एका दृष्टिक्षेपात पिशवी पाहिली, काकूंचा पदर पाहिला, मला पाहिलं. अहवाल टेबलावर ठेवून ती काकूंजवळ गेली आणि खरोखरच्या मायेने, मला तिची माया ठाऊक आहे, ती खोटी नसते, त्यांचा पदर सारखा करत म्हणाली, "काकू, असं होतंच हो ऑपरेशननंतर. चामडी नाजूक झालेली असते. एक माप मोठी बदलून देते मी तुम्हाला, आणि महिनाभर पळायचं जरा राहू द्या. नुसतं चाला. काय घाई आहे?"

"तेच म्हटलं मी," काकू म्हणाल्या. "माझ्यातच आहे ते."

"तुम्हीच सांगा ना त्यांना," मास्तरीण माझ्याकडे वळून म्हणाली. माणसांसमोर ती मला अहो-जाहो करते. तिच्या डोळ्यांत विनंती होती, आणि थोडी भीतीसुद्धा, जी मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. "तुम्ही शास्त्रातल्या. तुमचं ऐकतील त्या."

काकू माझ्याकडे बघत होत्या. खरंच का, असं विचारणारी ती नजर मला पाठ होती. भिंतीवर मोजायला काही नव्हतं, फक्त घड्याळ. मला माझी मान जाणवली, मागचे मणके, त्यांच्यावरचं डोक्याचं वजन, आणि ती पुढे झुकायची तयारी करत असल्याची ती जुनी, सरावाची, सुखाची सैल जाणीव. मी मान ताठ धरली. ती धरून ठेवायला इतका जोर लागेल असं वाटलं नव्हतं. मग मी पिवळा कागद अहवालावरून सोडवला, घडी घालून मास्तरिणीच्या हातात दिला आणि काकूंकडे वळले.

"तुमचं अंग चुकलेलं नाही, काकू," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, बाहेर बोळात कोणीतरी थबकलं. "ही तुमच्या मापाने शिवलेलीच नाही. तुम्हाला मोजलं आणि मग आम्ही तुम्हाला वगळलं, तुम्हाला, जिने झाडणाऱ्या बाईंना आणि मला. रेघ मी मारली होती आणि सही माझी आहे. ती सही मी आज मागे घेतेय, लेखी, आणि का घेतेय तेही लिहिणार आहे."